कोथिंबीर वाळवू नये

ऑक्टोबर सरत आला की न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी घरांत एकच चौकशी सुरू होते, "आज रात्री फ्रॉस्ट आहे का गं?" गवती चहाची पात त्या एका रात्रीत करपते. बेझिल तर पारा दहा अंशांखाली गेला तरी काळवंडायला लागतं. कोथिंबीर त्या मानाने चिवट, थोडा गारठा सोसते. पण बर्फापुढे तिचंही काही चालत नाही. कढीपत्त्याची कुंडी मात्र केव्हाच घरात, खिडकीतल्या सगळ्यात चांगल्या उन्हात येऊन बसलेली. एवढे लाड का? तर भारतातून बॅगेत ताजा कढीपत्ता आणायला इथे बंदी आहे. तो लिंबाच्या कुळातला. संत्र्या-मोसंब्यांच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग जी कीड पसरवते, ती त्याच्यावरही पोसते.

बाकीचं सगळं कापून आत आणायचं. वाळवायचं की गोठवायचं, यावर माझं मत ठाम आहे. रोझमेरी, थाइम यांची पानं जाड, वाळली तरी वास धरून ठेवतात. पुदिना सावलीत वाळवून चुरला की मठ्ठ्याला छान. कोथिंबीर मात्र वाळवू नये. वास उडून जातो आणि बरणीत उरतो नुसता कडबा.

तिची जागा फ्रीझरमध्ये. धुऊन पंच्यावर पसरायची, पार कोरडी झाली की कोवळ्या काड्यांसकट बारीक चिरायची, बर्फाच्या ट्रेच्या खणांत दाबून भरायची आणि वर बेताचं तेल ओतायचं. जानेवारीत आमटी उकळली की एक ठोकळा सोडायचा. पोह्यांवर भुरभुरवायला मात्र ती कामाची नाही, लिबलिबीत होते. बेझिलची पानं आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली तर गोठवूनही हिरवी राहतात. गोठवलेला कढीपत्ता पिशवीतून थेट फोडणीत. ओट्यावर काढून ठेवला की काळा पडलाच.

पुण्यात आईला हे सगळं ऐकून हसू येतं. तिच्या मंडईत थंडीतच तर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचे ढीग! साठवण करायची ती उन्हाळ्यात, पावसाळ्यासाठी. "एवढी कोथिंबीर आहे तर वड्यांचे उंडे उकडून का नाही ठेवत फ्रीझरमध्ये?" ती म्हणाली. "पाहुणे आले की कापायचे आणि तळायचे."

बेसन आणून ठेवलंय.