शेवटच्या दोन जागा

"सोळा आणि सतरा आधी लिहून टाक रे. ते ठरलेलेच आहेत."

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे १९८० ते २०२१ मधले १७ स्टुडिओ अल्बम, आणि आम्ही तिघं चहावर त्यांचा क्रम लावत होतो. पहिल्या नंबरावरून तासभर भांडण. एकजण 'द नंबर ऑफ द बीस्ट' सोडेना, दुसरा 'पॉवरस्लेव्ह'. तळाचे दोन मात्र मिनिटात ठरले. 'द एक्स फॅक्टर' आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन'. गायक ब्लेझ बेलीचे दोन्ही.

मीही गप्प बसलो. तेच रात्रीपर्यंत डाचत राहिलं.

घरी येऊन 'एक्स फॅक्टर' लावला. १९९५ सालचा. पहिलंच गाणं, 'साइन ऑफ द क्रॉस', अकरा मिनिटांचं. सुरुवातीला मठात घुमावेत तसे समूहस्वर. आणि मग ब्लेझचा तो जड, खालच्या पट्टीतला आवाज. आधीचा गायक ब्रूस डिकिन्सन याची उंच पट्टीतली जुनी गाणी त्याला स्टेजवर गावी लागायची. ती त्याच्या गळ्याची नव्हतीच. हे गाणं होतं.

२००१ साली रिओमध्ये, बँडमध्ये परतलेल्या ब्रूसने हेच गाणं गायलं. 'व्हर्च्युअल इलेव्हन'मधलं 'द क्लॅन्समन'सुद्धा. ते लाइव्ह रेकॉर्डिंग आम्हा तिघांचं जीव की प्राण आहे. गाणी तीच ना!

कागद मित्राकडे आहे. उद्या मागून घेणार. 'एक्स फॅक्टर' पहिल्या दहात हवा, यावर मी आता भांडायला तयार आहे.

तुम्ही कितवा लावाल?