तुम्ही विचारलंत म्हणून: पॅरालिसिसचा झटका मेंदूत डावीकडे, मग उजवा हात का गेला?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे जास्त करून पॅरालिसिसचेच पेशंट असतात. घरी व्यायाम घ्यायला गेलं की घरचे हमखास विचारतात, मॅडम, डॉक्टर म्हणाले गुठळी मेंदूत डाव्या बाजूला आहे पण बाबांचा तर उजवा हात गेलाय, रिपोर्टची अदलाबदल झाली नाही ना?

नाही, रिपोर्ट बरोबरच असतो. आपण हेअरबँड लावतो ना, साधारण त्या पट्ट्यात मेंदूच्या वरच्या थरात हालचालीचा भाग असतो. तिथून निघालेले तंतू खाली ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, येतात आणि कवटी संपून मान सुरू होते त्याच्या जरा वर त्यातले 80 ते 90 टक्के तंतू बाजू बदलतात, डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे, आणि मग मणक्यातून खाली उतरतात. म्हणून डावा मेंदू उजवा हात चालवतो. बोलण्याचं केंद्रही बहुतेकांचं डावीकडेच असतं (हे ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1860 च्या दशकात दाखवलं), त्यामुळे उजवी बाजू गेली की बऱ्याचदा बोलणंही जातं. पुष्कळांना समजत असतं, शब्द बाहेर येत नाही, आणि घरचे त्यांच्याशी लहान मुलासारखं मोठ्यानं बोलायला लागतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

आता खरा मुद्दा, जो मी प्रत्येक घरी सांगते. मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत आलेला हुकूम तिथे दुसरी पेशी घेते आणि तिचा तंतू स्नायूपर्यंत जातो. झटक्यात ही दुसरी पेशी शाबूत असते, हाताची नसही शाबूत असते, नस दबलीय म्हणून दिवसभर तेल चोळत बसतात पण बिघाड हातात नाहीच, वरून हुकूम येत नाहीये. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो तर आधीपेक्षा जोरात उडतो! कारण ते काम मज्जारज्जू स्वतःच्या पातळीवर उरकतो, मेंदूला विचारत नाही, आणि एरवी मेंदू त्याला जो आवर घालतो तो सुटलेला असतो. हात आखडतो, मूठ वळते, तेही बरंचसं त्यामुळेच.

एका आजोबांचा हात अजिबात हलत नव्हता आणि एक दिवस जांभई देताना तो कोपरात वाकून आपोआप वर आला, आजी धावत आल्या, हात आला म्हणून. जांभई संपली, हात खाली. परत उचला म्हटलं तर उचलेना. हे पुष्कळांना होतं, जांभईची हालचाल ब्रेनस्टेममधून वेगळ्या वाटेने येते असं मानतात. चेहऱ्याचंही तसंच, दात दाखवा म्हटलं की तोंड वाकडं होतं पण नातवाचं काही ऐकून मनापासून हसले की तेच तोंड बऱ्यापैकी सरळ होतं, कारण मुद्दाम हसणं आणि खरं हसणं मेंदूतून वेगवेगळ्या रस्त्यांनी येतं.

म्हणून मी नुसता हात हलवून देण्यावर समाधान मानत नाही. मी हलवला तर सांधे मोकळे राहतात, तेवढंही लागतंच, पण पेशंटने स्वतः हलवायचा प्रयत्न केला तरच मेंदूचा उरलेला भाग ते काम शिकायला लागतो. पहिले तीन ते सहा महिने हे सगळ्यात जास्त होतं, नंतरही होतं पण हळू. त्यामुळे घरच्यांनो, वाटी त्यांच्या उजव्या हाताशी ठेवा, कोपराला खालून आधार द्या, बोटं त्यांनाच मिटू द्या, वेळ लागला तर लागू द्या, सांडलं तर पुसून घ्या. आणि खांदा जपा, आंघोळ घालताना किंवा उठवताना तो हात धरून ओढू नका, सैल पडलेला खांदा सांध्यातून सरकतो आणि मग दुखण्यापायी पेशंट व्यायामच करू देत नाही.