धाग्याची भांग: पेरणीपासून कुजवणीपर्यंत

धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायची भांग, म्हणजे हेम्प, कुठंही तणासारखी वाढते असं सर्रास सांगितलं जातं. महिन्याभरानंतर ते खरं ठरतं, पण त्याआधी हे पीक फार नाजूक असतं. ते हातचं जातं ते बहुतेक दोन टप्प्यांत: उगवणीनंतरचे पहिले चार आठवडे आणि कापणीनंतरची कुजवणी, म्हणजे धागा सुटावा म्हणून खोडं शेतात कुजू देणं. मधल्या काळात ते आपलं आपण बघून घेतं.

कामाला हात लावण्याआधी परवाना. बऱ्याच देशांत फुलोऱ्यातल्या टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के आहे आणि त्यापुढं गेलेलं पीक नष्ट करावं लागतं. म्हणून प्रमाणित बियाणंच घ्या. घरचं बी ठेवण्याचा मोह टाळावा, कारण पराग वाऱ्यावर लांबून येतो आणि पुढच्या पिढीत वाणाचा भरवसा राहत नाही.

जमीन निचऱ्याची हवी, सामू (पीएच) ६ ते ७.५. भांगेला सोटमूळ असतं. नांगराच्या तळाशी घट्ट थर झाला असेल तर ते मूळ खाली जात नाही, आडवं वळतं. खुरटलेलं झाड उपटून बघा: मूळ काटकोनात वळलेलं दिसलं तर दोष खताचा नाही, जमिनीच्या त्या थराचा आहे.

जमिनीचं तापमान ८ ते १० अंश सेल्सिअस झालं आणि वाफसा आला की पेरावं. खोली २ ते ३ सेंटीमीटर, त्याहून खोल नको. धाग्यासाठी हेक्टरी ५० ते ६० किलो बी, दोन ओळींत १५ ते २० सेंटीमीटर अंतर. बियांसाठी २५ ते ३० किलो पुरतं. हजार दाण्यांचं वजन १८ ग्रॅम धरलं तर ५० किलोत चौरस मीटरला सुमारे २८० दाणे पडतात. एवढी दाटी मुद्दाम ठेवायची. त्यामुळं झाड फांद्या न फोडता सरळ वर जातं, खोड बारीक राहतं आणि वाख, म्हणजे सालीतला धागा, लांब मिळतो. विरळ पेरलं तर झाड झुडूप होतं, खोड लाकडासारखं कडक होतं आणि धागा जाडाभरडा निघतो.

पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर पापुद्रा आला तर कोंब खालीच वळसे घेतात. तो हलक्या हातानं फोडावा. पाणी साचणं त्याहून वाईट. रोपं पिवळी पडतात, वाढ थांबते आणि पाणी उतरल्यावरही सावरत नाहीत. त्या पट्ट्यात उंची शेवटपर्यंत कमी राहते आणि तण वर चढतं. रान दाट उगवलं तर साधारण पाचव्या आठवड्यापासून सावलीनंच तण दबतं.

नत्र हेक्टरी ८० ते १०० किलो पुरे. शेणखत टाकलं असेल तर ते यातून वजा करा. नत्र जास्त झालं की झाडं लोळतात आणि धागा कमजोर होतो. दाट, दमट पिकात फुलोऱ्यावर करडी बुरशी आणि खोडावर पांढरी बुरशी येते. पांढऱ्या बुरशीसाठी फेरपालट हाच खरा उपाय, म्हणून सूर्यफूल किंवा मोहरीवर लगेच भांग घेऊ नये.

दिवस लहान होऊ लागला की भांग फुलते. उशिरा पेरलं, किंवा दूर उत्तरेकडचा वाण विषुववृत्ताजवळ आणला, तर झाड गुडघ्याएवढं असतानाच फुलोऱ्यात येतं. अशा वेळी कितीही खत घाला, उंची मिळत नाही.

बारीक, मऊ वाख हवा असेल तर नर झाडांतून पराग उडायला लागताच कापणी करा. बियांसाठी थांबलात तर साल जाड आणि चिवट होते. दोन्ही एकाच वेळी उत्तम मिळत नाही, हे आधीच ठरवून घ्यावं.

कुजवणीत साल आणि आतल्या काडीला चिकटवून ठेवणारा पेक्टिन सूक्ष्मजीव खातात. कापलेली खोडं शेतात पातळ पसरा, दव आणि पावसावर २ ते ५ आठवडे राहू द्या, मध्ये एकदोनदा उलटा. न उलटल्यास खालची बाजू सडते आणि वरची हिरवीच राहते. रंग हिरव्याचा पिवळा, मग करडा होतो आणि काळे ठिपके दिसू लागतात, तेव्हा रोज तपासणी करावी. एक खोड वाळवून मधोमध मोडा. काडी कुरकुरत तुटून गळाली आणि वाख टोकापर्यंत पट्टीसारखा सलग सुटला की झालं. काडीचे तुकडे वाखाला धरून राहिले तर अजून थांबा. बोटांत पिळल्यावर वाखच तुटत असेल तर उशीर झालाय, आणि त्यावर इलाज नाही. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच गठ्ठे बांधा, नाहीतर आत बुरसतात. यंत्राच्या फिरत्या दांड्यांवर वाख गुंडाळला जातो, घर्षणानं तापतो आणि आगसुद्धा लागते. दर काही फेऱ्यांनी यंत्र पूर्ण बंद करून तो कापून काढा.

बियांसाठी पीक ठेवलं असेल तर पक्षी हा मोठा शत्रू. कणसातले सगळे दाणे एकदम पिकत नाहीत. खालचे करडे-तपकिरी होऊन सांडू लागतात तेव्हा वरचे हिरवेच असतात. सुमारे ७० टक्के दाणे कडक झाले की कापा. मळलेलं ओलं बी ढिगात काही तासांतच तापतं, म्हणून त्याच दिवशी हवा खेळती ठेवून वाळवा आणि ओलावा ९ टक्क्यांच्या खाली आल्यावरच साठवा. दाण्यात तेल भरपूर असल्यामुळं दमट जागेत ते लवकर खवट होतं आणि उगवणही झपाट्यानं उतरते.