फिनलंडची रॅली: जंगलात उभं कुठे राहायचं?

ही मोटार शर्यत, म्हणजे रॅली, 1951 पासून युव्हॅस्क्युला शहराच्या आसपास भरते. हेलसिंकीहून अंतर साधारण 270 किलोमीटर. ट्रेन आहे, पण स्टेजेस (म्हणजे गाड्या एकेक करून घड्याळाविरुद्ध धावतात ते बंद केलेले रस्ते) जंगलात लांब लांब विखुरलेल्या, त्यामुळे गाडी हवीच. आम्ही हेलसिंकीजवळच्या एस्पूहून गाडीनेच गेलो. रॅलीच्या आठवड्यात शहरात खोली मिळणं महाकठीण. म्हणून मुक्काम ताम्पेरेला, दीडशे किलोमीटर अलीकडे. पहाटे उठायची तयारी असेल तर काही बिघडत नाही.

पास आधीच ऑनलाइन घ्या. स्टेजचे रस्ते शर्यतीच्या बरेच आधी बंद होतात. त्यामुळे दोन-तीन तास आधी पोचून शेतात गाडी लावायची आणि पुढे पायपीट.

ओउनिनपोह्या या प्रसिद्ध स्टेजला सगळे जातात ते जंपसाठी, म्हणजे उंचवट्यावरून गाडी हवेत उडते ते बघायला. 2003 साली ड्रायव्हर मार्को मार्टिनची फोर्ड इथे ताशी 171 किमी वेगाने उडाली आणि 57 मीटरवर उतरली, तेव्हापासून जंपशेजारच्या पिवळ्या घरापाशी जत्राच असते. खरं सांगू? पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथे फार वेळ घालवू नये. गाडी हवेत जाते, टाळ्या पडतात, संपलं. पुन्हा पुढच्या गाडीची वाट बघा.

त्यापेक्षा किलोमीटरभर पुढे चाला आणि चढानंतर लगेच वळण असेल अशी जागा शोधा. तिथे गाडी आधी ऐकू येते. झाडांमागे इंजिन ओरडतं, मग फटाके फुटल्यासारखे आवाज, तळाला तडतडणारे खडे, आणि चढावरून गाडी येते ती आधीच आडवी झालेली. वळण अजून दिसलेलंही नसतं! शेजारी बसलेल्या नॅव्हिगेटरने वाचलेल्या, रस्त्याच्या वळणांच्या नोट्सवर विश्वास ठेवून ड्रायव्हरने ते घेतलेलं असतं.

आणि जागा सोडू नका. बहुतेक स्टेजेस दोनदा धावतात. पहिल्या फेरीत वर सुटी खडी असते, पुढच्या गाड्या ती झाडत जातात आणि मागच्यांना पकड मिळते. दुसऱ्या फेरीपर्यंत त्याच वळणाला खोल चाकोऱ्या पडतात, खालचे दगड वर येतात. 2024 मध्ये आघाडीवर असलेला फिनिश ड्रायव्हर कल्ले रोवानपेरा शेवटून दुसऱ्या स्टेजवर अशाच एका दगडाने शर्यतीबाहेर गेला. पुढच्या वर्षी पठ्ठ्याने ही रॅली जिंकलीच. एकाच जागी दोन्ही फेऱ्या बघितल्या की हे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जंप उतरते तिथे किंवा प्रेक्षकांना अडवायला बांधलेल्या पट्टीच्या आत कधीही उभं राहू नका. उंचवटा आणि पाठीमागे पळायला मोकळी जागा बघा. मार्शलने, म्हणजे सुरक्षा बघणाऱ्या स्वयंसेवकाने, शिट्टी मारली की फोटो राहू दे, आधी मागे सरका.

पायात गमबूट घाला. ऑगस्टच्या सुरुवातीलाही तिथली जमीन दलदलीची असते. डासांसाठी मलम, एक रेनकोट आणि बसायला घडीची खुर्ची घ्या. खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवर भाजलेलं सॉसेज आणि कॉफी, बस्स. शाकाहारी मंडळींनी घरून धपाटे-चटणी बांधून न्यावी, आम्ही नेली होती आणि शेजारच्या फिनिश आजोबांनी दोन मागून खाल्ले.

शेवटची गाडी गेली तरी पाठोपाठ रस्त्यावर उतरू नका. मागून आयोजकांची शेवटची, स्वीपर गाडी येते, ती गेल्यावरच रस्ता मोकळा होतो. शेतातून गाड्या बाहेर पडायला मग तासभर सहज लागतो, त्यामुळे थर्मासमधली कॉफी तेवढ्यासाठी राखून ठेवा.