वजन कुठे टेकलंय ते शोधा

मनाच्या जोरावर हवेत उडणं आणि मनाच्या जोरावर वस्तू हलवणं, दोन्ही एकाच शक्तीचे प्रकार समजले जातात. तपासायला बसलं की दोन्हींची जात वेगळी निघते. फरक आहे तो लागणाऱ्या बळाचा.

आधी वस्तू. झेरॉक्सच्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदाचा ५ सेंमीचा चौकोन कापा. दोन्ही कर्णांवर घड्या पाडून छत्रीसारखा उभार द्या. खोडरबरात सुई उभी रोवा आणि कागद टोकावर नुसता टेकवा. टोचला तर अडकतो. वजन जेमतेम ०.१९ ग्रॅम. शेजारी २-३ सेंमीवर तळहात धरला की थोड्या वेळात कागद फिरू लागतो. हाताच्या उबेनं वर चढणारी हवा आणि आपला श्वास त्याला पुरतो. नागपुरात डिसेंबरच्या सकाळी तो छान फिरतो. खोली ३४-३५ अंशांवर गेली की हात आणि हवा सारखेच गरम, मग मंदावतो. कूलर आधी बंद करा, त्याच्या झोतात कागद सुईवर राहतच नाही.

आता सुईसकट कागदावर काचेची बरणी उपडी घाला. कागद थांबायला हवा. तरीही हलला, तर बरणी कोरड्या फडक्यानं पुसली गेली असेल. ही स्थिर विद्युत. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती काचेवर टिकते, जुलैत टिकत नाही. ओलसर फडकं फिरवा.

टेलिफोन डिरेक्टरीची पानं मनानं उलटवण्याचा दावा करणाऱ्या जेम्स हायड्रिकला १९८१ साली असे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी असंच अडवलं. डिरेक्टरीभोवती फोमचे हलके तुकडे पसरले. फुंकर घातली तर ते उडणार. पान हललंच नाही.

उडण्यात मात्र ६५ किलोच्या माणसाला वर धरायला ६३७ न्यूटन बळ सतत लागतं, कागदाच्या वजनाच्या जवळपास साडेतीन लाख पट. ऊब किंवा फुंकर यांचं ते कामच नाही. एवढं वजन कुठेतरी टेकलेलं असतंच. काठीला हात लावून अधांतरी बसलेल्या बुवाच्या काठीत लोखंडी सळई असते. ती बाहीतून जाऊन कफनीखालच्या बैठकीला जोडलेली असते. ६५ किलो काठीपासून ४५ सेंमी बाजूला लटकले तर काठी त्याच बाजूला कलंडणार. म्हणून काठीच्या बुडाला जोडलेला जाड पत्रा थेट माणसाच्या खालपर्यंत आणावा लागतो, आणि तो झाकायला सतरंजी लागते.

नागपूरच्या इतवारी बाजारात धान्याच्या दुकानात असतो तसा प्लॅटफॉर्म काटा मिळाला तर काठी, सतरंजी, बुवा सगळं त्यावर घ्या. अधांतरी असतानाही काटा पूर्ण वजन दाखवतो. काटा नसेल तर सतरंजी काढून नुसत्या फरशीवर हाच प्रयोग करायला सांगा.