ॲल्युमिनियम मिग: काजळी आता बीडवरून हटली

गाडीच्या टपावरच्या ॲल्युमिनियमच्या कॅरिअरची चौकट मिगने (वायर सतत पुढे सरकवत, गॅसच्या आडोशाने करायचं वेल्डिंग) टाके मारून, म्हणजे ठिकठिकाणी तात्पुरती जोडून, उभी झाली आहे. सरळ जोडांवर आता फडकं मारायचीही गरज पडत नाही, बीड (वेल्डिंगची जोडरेघ) आहे तशी चकचकीत निघते. आतले कोपरे मात्र अजून काळे येतात, त्याबद्दल शेवटी लिहितो.

सामान असं: 6063 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे 40 बाय 40 मिमीचे चौकोनी पाइप, जाडी 3 मिमी. जोडात वितळणारी वायर 5356 या मिश्रधातूची, 1.0 मिमीची. गॅस शुद्ध आरगॉन, वायर ओढायला स्पूल गन, म्हणजे वायरचं रीळ अंगावरच असलेली टॉर्च. लोखंडासाठी वापरतो ते सीओटू मिसळलेलं सिलिंडर इथे अजिबात चालत नाही, त्याने सगळं काळंठिक्कर होतं.

काजळी दिसली की पहिला सल्ला मिळतो, “माल नीट घासला नाहीस.” घासायला तर हवंच. आधी ॲसिटोनने तेल काढायचं, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला स्टेनलेसचा ब्रश. क्रम उलटा केला तर ब्रश तेल पत्र्यात चोळतो. (ब्रेक क्लीनर चुकूनही वापरू नका. क्लोरीनवाला निघाला तर आर्कखाली, म्हणजे वायरच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीखाली, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.) पण या घासण्याचा खरा फायदा बीडमधली छिद्रं टाळण्यासाठी आहे. पाइप आरशासारखा घासला तरी काजळी येऊ शकते, कारण ती बहुतेक वायरमधूनच येते.

5356 मध्ये साधारण 5 टक्के मॅग्नेशियम असतं. मॅग्नेशियम सुमारे 1090 अंशांवर उकळतं, ॲल्युमिनियमला त्यासाठी जवळजवळ 2500 अंश लागतात. वायरच्या टोकावरचा थेंब सुटेपर्यंत इतका तापतो की त्यातलं मॅग्नेशियम आधी वाफ होऊन निघतं. ही वाफ आर्कभोवतीच्या आरगॉनच्या पडद्याबाहेर पडली की ऑक्सिजनला भिडते, तिची बारीक पूड होते आणि ती शेजारच्या थंड धातूवर बसते. म्हणजे विचारायचे प्रश्न दोनच: वाफ किती होतेय, आणि पडदा कुठवर पोचतोय. मी उरलेल्या तुकड्यांवर एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो आणि प्रत्येक तुकड्यावर मार्करने आकडे लिहून ठेवले.

सगळ्यात मोठा फरक व्होल्टेजने पडला. स्प्रे ट्रान्सफर, म्हणजे वायरचा धातू बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखा जोडात जाणं, लागायला 0.8 च्या वायरला सुमारे 95 ॲम्पिअर लागतात, 1.2 ला सुमारे 135, माझी 1.0 ची यांच्या मधे बसते. करंट 125 च्या आसपास ठेवून 24 व्होल्टवर सुरुवात केली. आर्क लांब, आवाज एकसारखा सुसाट, बीड रुंद आणि दोन्ही बाजूंना बोटभर काळा पट्टा. वायरचा वेग तोच ठेवून अर्धा-अर्धा व्होल्ट खाली आणत गेलो. 23 ला पट्टा राखाडी झाला. साडेबावीसला सुसाट आवाजात अधूनमधून एखादी तडतड ऐकू यायला लागली, आणि तिथेच बीड स्वच्छ निघाली. आणखी खाली गेलो तर वायर रसात (वितळलेल्या धातूत) टेकते, ठिणग्या उडतात आणि काजळी परत येते. माझ्या मते मशीनवरच्या आकड्यापेक्षा ही अधूनमधूनची तडतड जास्त भरवशाची खूण आहे, कारण दुसऱ्या मशीनवर आकडा नक्की वेगळा येईल. आर्क आखूड झाली की थेंबाला हवेतला प्रवास कमी, म्हणून वाफही कमी.

टॉर्च पुढे ढकलत न्यायची, 10 ते 15 अंश कलवून. ओढत आणली की गॅस तयार बीडकडे जातो, पुढचा धातू उघडा पडतो आणि आपण काजळीवरच वेल्डिंग करत जातो. जास्त कलवली तर नोझलच्या मागच्या बाजूने हवा आत खेचली जाते. टॉर्च जवळजवळ उभी धरायला हाताला वेळ लागतो, पण फरक लगेच दिसतो.

गॅसचा प्रवाह मिनिटाला 16 लिटरवर स्थिर केला. वाढवत गेलं की एका मर्यादेनंतर झोत घुसळायला लागतो आणि स्वतःच हवा ओढतो. नोझल कामापासून 15 ते 20 मिमी. पंखा बंद, दार ओढलेलं. रत्नागिरीत दुपारचा समुद्रवारा सुटला की आरगॉनचा पडदा टिकत नाही, म्हणून मी सकाळीच काम उरकतो. गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बघणंही सोडू नका.

काजळी बसलीय कुठे, हे वाचायला शिकलं की निम्मं काम होतं. खुद्द बीडवर काळं असेल तर पडद्यात हवा शिरतेय: गळती, वारा, अंतर किंवा कोन. बीड चकचकीत आणि बाजूला राखाडी असेल तर ते मॅग्नेशियम, आर्क लांब आहे. बीडला लागून दिसणारी पांढरट रेघ मात्र काजळी नाही. वायर पॉझिटिव्हला असल्याने आर्क तिथला ऑक्साइड उडवते, त्याची ती खूण. ती दिसायलाच हवी.

पावसाळ्याचं आमच्या किनाऱ्यावर वेगळं प्रकरण आहे. वायरवर ओल बसली तर हायड्रोजन रसात शिरतो आणि थिजताना छिद्रं करतो. स्पूल काम संपलं की सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करतो. सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट नुसता गॅस सोडतो, नळीतली दमट हवा निघून जाते.

तुलनेसाठी 4043 ही दुसरी वायर पण चालवून पाहिली. तिच्यात मॅग्नेशियमऐवजी 5 टक्के सिलिकॉन, त्यामुळे काजळी नावालाच, आणि रस सुंदर पसरतो. तरी कॅरिअरला 5356 च ठेवतोय. ती ताकदीला सरस आहे, आणि पुढे ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा थर चढवणं) केलं तर 4043 ची बीड गडद राखाडी होऊन उठून दिसेल. 4043 वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, धूर कमी दिसला तरी तिच्या आर्कभोवती ओझोन जास्त तयार होतो. खोलीतली हवा खेळती हवी, फक्त झोत थेट आर्कवर नको.

आता आतले कोपरे. तिथे नोझल आत शिरत नाही, वायर लांब बाहेर काढावी लागते आणि गॅस कोपऱ्यावर आपटून उलटा फिरतो. अरुंद नोझल आणली आहे. तिच्यासोबत प्रवाह 13-14 वर आणून, व्होल्टेज आणखी थोडं उतरवून रविवारी तुकड्यांवर बघतो. कोपरे स्वच्छ आले की चौकट पक्की करायला घेईन.