रविवारची दुपार विकायची झाली तर

ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीला परवा फोन आला. मॉलमध्ये भरलेल्या कूपनात तिचं नाव निघालंय म्हणे. नवऱ्याला घेऊन ठाण्याच्या एका हॉटेलात या, दोन तास बसा आणि गोव्याच्या तीन दिवस-दोन रात्री फुकट घेऊन जा. "मॅडम, जावं का?" तिने डबा उघडता उघडता विचारलं. मी अकाउंट्समधली आणि माझा नवरा 'फुकट' ऐकलं की चपला शोधायला लागणारा, त्यामुळे या विषयात आमच्या घराचा अभ्यास दांडगा आहे. जेवणाच्या सुट्टीत उत्तर आटोपलं नाही, म्हणून इथे लिहितेय. हे बोलावणं असतं टाइमशेअर विकायला, म्हणजे आज पैसे भरून पुढची कित्येक वर्षं दरवर्षी ठरावीक रात्री रिसॉर्टमध्ये राहायची मेंबरशिप.

नाव वगैरे काही निघत नाही. त्या कूपनवर आपण काय काय भरून देतो ते बघा. लग्न झालंय का, नोकरी कोण करतं, गाडी कोणती, क्रेडिट कार्ड आहे का. सोडतीला गाडीचं मॉडेल कशाला लागतं? पेटीतली कूपनं चाळायची आणि ज्यांच्या खिशात दम दिसतो त्या सगळ्यांना फोन लावायचे, एवढीच ती सोडत. नवरा-बायको दोघंही हवेत ही अट मात्र काही केल्या सुटत नाही, कारण एकटा आलेला माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून निसटतो. क्रेडिट कार्ड 'ओळखीसाठी' आणायला सांगतात. ओळखीला आधार कार्डाने काय घोडं मारलंय, हे मी फोनवरच्या मुलीला विचारलं होतं. तिने "हो मॅडम, तेही आणा" म्हणून सांगितलं.

हॉलचं दृश्य सगळीकडे साधारण तेच. गोल टेबलं, प्रत्येकावर एक जोडपं आणि टाय लावलेला एक मुलगा. पोरांसाठी कोपऱ्यात रंगपेट्या. गाणी इतकी मोठ्याने की शेजारच्या टेबलावर कुणी काय आक्षेप घेतोय ते आपल्या कानावर येऊ नये. मध्येच माइकवरून घोषणा होते की अमुक सर आणि मॅडम आमच्या फॅमिलीत आले, की सगळे विक्रेते उठून टाळ्या पिटतात. ते अमुक सर खरे की पदरचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आमच्या वाट्याला आलेला मुलगा लातूरकडचा होता, बोलायला गोड. पहिला अर्धा तास त्याने विकण्याचं नावही काढलं नाही. शेवटचं कुठे फिरलात, मुलं काय करतात, लग्नाच्या वाढदिवसाला कुठे जाता. नवऱ्याने गणपतीपुळ्यापासून सुरुवात करून सगळा पाढा वाचला. मुलगा एकेक उत्तर पॅडवर टिपून घेत होता. तासाभराने तीच उत्तरं आमच्यावर उलटली. "सर, तुम्हीच म्हणालात ना, मॅडमना केरळ दाखवायचं राहिलंय?" आता यावर नवरा काय बोलणार, तेही माझ्यासमोर!

मग गणित आलं, आणि मी खुर्ची पुढे ओढली.

त्याचं गणित असं. तुम्ही वर्षाला सुट्टीवर साधारण 40,000 रुपये घालवता. महागाई दरवर्षी 10 टक्के धरा. म्हणजे 25 वर्षांत किती? त्याने कॅल्क्युलेटरवर आकडे मारून पॅडवर ठळक लिहिलं, 39 लाख. खाली दोन रेघा मारल्या. आणि आमची मेंबरशिप? 25 वर्षं, दरवर्षी सहा रात्री, फक्त 3 लाख 90 हजार. आज सही केली तर 2 लाख 85 हजार. वर्षाकाठचा मेंटेनन्स फक्त 12,000 अधिक जीएसटी. "सर, हे पस्तीस लाख तुमचे वाचले की नाही?"

बेरीज बरोबर होती हो. 10 टक्क्यांनी वाढत जाणारे 40,000 पंचवीस वर्षांत खरंच 39 लाखांवर जातात. पण त्या 40,000 मध्ये आमचं रेल्वेचं तिकीट, टॅक्सी, जेवण, काजू-आंबावडी सगळं होतं आणि मेंबरशिपमध्ये यातलं काहीच नाही, नुसती खोली. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि म्हटलं, बाळा, महागाई फक्त माझ्याच खर्चाला लागते का? तुझ्या मेंटेनन्सलाही तेच 10 टक्के लाव. 12,000 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 14,160. ते याच वेगाने वाढले तर 25 वर्षांत 13 लाख 92 हजार होतात. म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ पाचपट नुसत्या मेंटेनन्समध्ये. तो म्हणाला, मेंटेनन्स एवढा वाढत नाही. मी म्हटलं, मग करारात तसं लिहून दे.

पुढचा हिशोब मी घरी जाऊन सविस्तर केला, पण तो तिथे टेबलावरच मांडता येतो. 2 लाख 85 हजार बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 19,950 व्याज येतं. सही केली की ते गेलं. त्यात मेंटेनन्सचे 14,160 मिळवले की 34,110. भागिले सहा रात्री, म्हणजे रात्रीला 5,685 रुपये, जेवणखाण आणि प्रवास वेगळा. शिवाय 25 वर्षांनी ठेवीतलं मुद्दल आपलं असतं आणि मेंबरशिपचं शून्य, ते मी यात धरलेलंच नाही. या भावात दिवाळी आणि मे महिना सोडला तर महाबळेश्वरला चांगली खोली सहज मिळते, आणि ज्या वर्षी सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं त्या वर्षी कुठेच गेलो नाही तर दमडीही द्यावी लागत नाही. मेंटेनन्स मात्र जा न जा, भरावाच लागतो. न भरल्यास बुकिंग बंद.

आणि दिवाळी-मे हाच तर खरा वांधा. या मेंबरशिपमध्ये वर्षाचे भाग पाडलेले असतात आणि स्वस्त भागात येतो तो पावसाळा नाहीतर परीक्षेचे दिवस. शाळेच्या सुट्ट्यांचा भाग सर्वांत महाग, आणि तो घेतला तरी खोली मिळेलच असं नाही, कारण तो घेणारे सगळे त्याच दोन आठवड्यांवर टपलेले. "जगभरात कुठेही एक्स्चेंज करा", म्हणजे आपल्या रात्री देऊन दुसऱ्या रिसॉर्टमधल्या घ्या, म्हणतात तेही खोटं नाही. आरसीआय नावाची कंपनी 1974 पासून हाच अदलाबदलीचा धंदा करते. फक्त त्याची फी वेगळी, आणि तुमच्या जून महिन्यातल्या लोणावळ्याच्या आठवड्यावर कुणी डिसेंबरचं स्वित्झर्लंड देईल या आशेवर राहू नये.

मुलगा हरला नाही. "मॅडम सीए आहेत का?" एवढंच नवऱ्याला विचारून तो उठला आणि मॅनेजरला घेऊन आला. यांचं काम वेगळं असतं. ते रिसॉर्टबद्दल बोलतच नाहीत, आपल्याबद्दल बोलतात. सर, एवढी वर्षं फॅमिलीसाठी राबलात, स्वतःसाठी काय केलंत? घोडं कुठे अडलंय, पैशावर की विश्वासावर? पैशावर म्हणालात तर ईएमआय काढतात. विश्वासावर म्हणालात तर चेहरा पाडतात. विचार करतो म्हणालात तर "हा भाव फक्त आज". उद्या हाच भाव का चालत नाही, याचं कारण साधं आहे. आज रात्री आपण मोबाइलवर त्यांच्या जुन्या मेंबरांच्या तक्रारी वाचणार असतो. तरीही नाहीच म्हणालो तर शेवटी पिशवीतून छोटं पॅकेज निघतं, पाच वर्षांचं, साठेक हजारांचं. तीन लाखांना नाही म्हणून दमलेला माणूस साठ हजारांना हो म्हणतो. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी कार्ड काढलं.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे तासातासाला खरं होतं. समोरच्याने दोनदा कॉफी पाजलेली, मुलाला फुगा दिलेला, स्वतःच्या आईच्या आजारपणाचं सांगितलेलं, आता तोंडावर नाही कसं म्हणायचं? सगळा धंदा या एका अवघडलेपणावर उभा आहे. म्हणून जावं की न जावं हा प्रश्न भेटवस्तूचा नाहीच. नवरा-बायकोपैकी एकाला जरी भीड पडत असेल तर घरीच झोपा काढाव्यात. आणि दोघांचं घरातून निघतानाच ठरलेलं असेल, की आज काही झालं तरी कार्ड बाहेर काढायचं नाही (आम्ही तर कार्ड घरीच ठेवलं होतं), तर मग भेटवस्तू काय आहे ते बघावं.

तर भेटवस्तू. त्यांच्यात दोन जाती असतात, हातात मिळणारी आणि कागदावरची. आम्हाला मिळालं ते चकचकीत पाकीट होतं, गोव्याचं. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत अटी. नोंदणी फी 1,999 रुपये, परत न मिळणारी. तारखा 45 दिवस आधी कळवायच्या, तीन पर्याय देऊन. शनिवार-रविवार, सणवार आणि डिसेंबर वगळून. जेवण तिथेच घेणं सक्तीचं, माणशी दिवसाला 1,100. दोघांचं दोन दिवसांचं 4,400. एकूण 6,399, म्हणजे रात्रीला 3,200 रुपयांना पडली ती 'फुकट' खोली, तीही आडदिवशी आणि पावसाळ्यात. जुलैमध्ये गोव्यात त्या भावात नाश्त्यासकट खोल्या मिळतात आणि मासे कुठे खायचे ते आपलं आपण ठरवता येतं. पाकीट अजून कपाटात आहे, मुदत कधीच टळली. याउलट नवऱ्याने दुसऱ्या एका ठिकाणाहून इंडक्शन शेगडी पदरात पाडून घेतली, ती गॅस संपला की आजही उपयोगी पडते. तेव्हा माझं मत विचाराल तर वस्तू मिळणार असेल आणि हॉल रिक्षाच्या अंतरावर असेल तरच जावं. नुसत्या व्हाउचरसाठी डोंबिवलीहून घोडबंदर रोड गाठणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. रविवारी त्या रस्त्यावर अडकणं काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको.

माझी चुलत नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिचं मत अगदी उलट आहे. ते लोक ऑर्लँडोला गेले की दीड-दोन तासांचं असं एक प्रेझेंटेशन ऐकतात आणि डिस्नेची तिकिटं स्वस्तात पदरात पाडून घेतात. तिथे चौघांची तिकिटं काढायची म्हणजे कंबरडं मोडतं, त्यामुळे सकाळ वाया गेली तरी वसूल होते. पण तिकडे एक मागचा दरवाजा आहे जो आपल्याकडे नाही. ऑर्लँडो ज्या राज्यात येतं त्या फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे सही केल्यावर 10 दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो, आणि कंपनीने हा हक्क सोडायला लावला तरी तो सुटत नाही. युरोपीय संघात ही मुदत 14 दिवसांची आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी म्हणून वेगळा कायदाच नाही. करारात रद्द करायची मुदत लिहिली असेल तर ती, नाहीतर हरी हरी. दुपारच्या भरात केलेली सही रात्री शुद्धीवर येऊन मागे घेता यावी, एवढी सोय आपल्या सरकारने करायला काय हरकत आहे?

मेंबरशिप घेणारे सगळेच फसतात असंही नाही. आमच्या ऑफिसातले एक साहेब वर्षानुवर्षं मेंबर आहेत आणि खूश आहेत. मुलं मोठी झालेली, शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, बुकिंग उघडलं की पहाटे उठून लॅपटॉप लावणारा माणूस, आणि आईवडिलांना घेऊन जायचं म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच हवी. असं जुळत असेल त्याने जरूर घ्यावी. पण त्यांनीही ती हॉलमध्ये घेतली नाही. मेंबरशिप नको झालेल्या एका माणसाकडून ट्रान्सफर फी भरून निम्म्याहून कमी पैशात घेतली. जुन्या मेंबरशिपांच्या जाहिराती एकदा इंटरनेटवर बघाच. 'गुंतवणूक' या शब्दाचा त्यांच्या मते काय अर्थ आहे ते तिथे समजतं.

ज्यांनी सही करून टाकली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी करार वाचून रद्द करायची मुदत बघा आणि मुदतीत ईमेल व रजिस्टर्ड पोस्टाने लेखी कळवा, फोनवर "हो मॅडम, करतो" वर विसंबू नका. ईएमआय कुणाकडून काढलाय ते तपासा. कर्ज वेगळ्या कंपनीचं असेल तर मेंबरशिप रद्द होऊनही हप्ते चालू राहू शकतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की गुरुग्रामला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची.

पुरावा मात्र लागतो. छापील करारात 'तोंडी आश्वासनं ग्राह्य धरली जाणार नाहीत' असं एक कलम बहुधा असतंच, त्यामुळे दर दिवाळीला खोली, मेंटेनन्स कायम तोच, हवं तेव्हा पैसे परत, या सगळ्याचा पुरावा असतो तो विक्रेत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या पॅडच्या पानावर. ते पान मागून घ्या, नाही दिलं तर मोबाइलवर फोटो काढा. मी मागितलं तेव्हा लातूरच्या त्या गोड मुलाने "मॅडम, हे रफ आहे" म्हणत पान टरकावलं आणि चार घड्या घालून खिशात टाकलं.